जोमोच्या डोक्यावरची जागा

आमच्या गावचे सर्वांत वडीलधारे उर्केन गागा दगडधोंड्यांतून धापा टाकत वर येताना दिसले, तेव्हाच मी ओळखलं की गावाने आपलं हुकमाचं पान टाकलं आहे. गुडघे दुखतात म्हणून गागा गुंफेतल्या, म्हणजे आमच्या मठातल्या, पूजेलासुद्धा जायचं टाळतात. आज मात्र ते हिमनदी ओलांडून आमच्या तळापर्यंत आले होते. मागे माझे वडील, आबा. त्यांच्या दोन्ही हातांत छांगेची, म्हणजे घरी गाळलेल्या दारूची, लाकडी बुधली, आणि बुधलीच्या तोंडाला लोण्याची तीन बोटं लावलेली.

"आली वरात," फुटी स्टोव्हपाशी बसल्या बसल्या म्हणाली. "नवरी तूच दिसतेस."

फुटी माझी मामेबहीण. तळावर आम्ही दोघीच होतो. तंबू, दोर, बटाट्यांचं पोतं आणि फुटीचं तोंड, एवढाच आमच्या मोहिमेचा पसारा.

ती बुधली कशासाठी आली हे मला सांगायला नको होतं. आमच्याकडे कुणाकडून त्याच्या मनाविरुद्ध काही करून घ्यायचं असेल तर भांडत बसत नाहीत, छांग घेऊन जातात. आधी पाजायचं, मग मागायचं. पेला रिकामा केलात की मागितलेलं द्यावंच लागतं, मग ती लेक असो नाहीतर बांधावरची जमीन. याला यांगझी म्हणतात. न पिण्याचीही सोय आहे म्हणे, पण ती वापरलेला माणूस मी पाहिलेला नाही. परतवलेले लोक पुन्हा येतात, मग बायकापोरं घेऊन येतात, दारात ठिय्या देतात, आणि शेवटी तुम्हीच कंटाळून पेला तोंडाला लावता. आणि असा ठिय्या सोसायला आम्हाला सवड नव्हती. वारा पडला होता. तो तीन-चार दिवसच पडलेला राहणार होता. त्यानंतर जोमो पुढच्या वर्षापर्यंत दार लावून घेणार.

जोमो सेरदोंग म्हणजे आमच्या लुंगसा गावाच्या माथ्यावर उभा असलेला डोंगर. डोंगर कसला, देवीच ती. खाली काळ्या खडकाची उभी भिंत, वर सुरीच्या पात्यासारखी धार, आणि धारेच्या शेवटी बर्फाचं एक शिंग. ते शिंग म्हणजे जोमोचं डोकं. गावातला नियम असा, की आपल्या माणसाने शिंगाच्या पायथ्याशी थांबायचं, तिथे पांढरा खादा, म्हणजे मानाचं रेशमी उपरणं, बांधायचा, हात जोडायचे आणि उतरायचं. डोक्यावर पाय द्यायचा नाही. पैसे मोजून चढायला येणारे परदेशी साहेब जातात, ते त्यांचं पाप घेऊन जातात. वर एकाचीच जागा आहे, आणि देवीने ती परक्यांना देऊन टाकली आहे, असं म्हातारे सांगतात.

हा नियम माझ्या आबांपासून सुरू झाला. मी जन्मायच्या आधी, जोमोवर पहिला साहेब चढला तेव्हा खालपासून शिंगाच्या पायथ्यापर्यंत दोर आबांनी लावला होता. साहेब डोक्यावर उभा राहिला आणि आबा पायथ्याशी थांबले. "रिंजी देवीला भ्याला," असं गावात कौतुकाने सांगतात. तेव्हापासून गुंफेत सणाच्या दिवशी आबांची गादी पुढच्या रांगेत असते. त्यांच्यामागून चढलेला आमचा प्रत्येक माणूस तिथेच थांबला.

दोन वर्षांपूर्वी मीही थांबले होते. शिंगाच्या पायथ्यापर्यंत साहेबाला मी नेलं. वरचा दोर तेवढा त्यांच्याबरोबरच्या गोऱ्या गाईडने लावला आणि उतरून तो बाजूला झाला. मग आमचा साहेब, भला जाडजूड माणूस, माझ्या खांद्यावर हात टेकून मला ओलांडून गेला. आयत्या बिळावर नागोबा. वरून त्याने माझा फोटो काढला आणि नंतर प्रेमाने पाठवला. त्या फोटोत मी मुंगीएवढी दिसते, आणि हात जोडून उभी आहे. तो फोटो पाहिला की माझं डोकं अजून फिरतं.

म्हणून यंदा आम्ही दोघीच आलो होतो. साहेब नाही, मजुरी नाही. काळ्या भिंतीवर दोर लावून झाले होते, धारेखाली तंबू ठोकून झाला होता. आणि गावाला सुगावा लागला.

गागा दगडावर टेकले. मी मीठ-लोण्याचा चहा पुढे केला.

"चहा मागाहून," गागा म्हणाले. "आधी कामाचं. पोरी, तुला कुणी बोलावलंय वर?"

"कुणी नाही."

"कुणी पैसे देतंय?"

"उलट आमचेच गेलेत."

"मग कशाला? भात-डाळीसाठी गेलं तर देवी समजून घेते. हौसेसाठी गेलं तर घेत नाही. आणि डोक्यावर पाय द्यायचा म्हणतेस. गारा पडतील, याक मरतील, मग तुझ्या दारात येऊ आम्ही सगळे?"

"साहेब गेला तेव्हा नाही पडल्या गारा."

"त्याचं पाप त्याला."

"दोर आम्ही लावायचे, पायऱ्या आम्ही खोदायच्या, आणि पाप त्याला? मग पुण्य कुणाला, गागा?"

फुटी फिसकन हसली. गागांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने उगाचच पातेलं ढवळलं.

"रिंजी, ओत रे बाबा," गागा म्हणाले. "हिच्या तोंडाला कोण लागणार?"

 आबांनी पेला काढला आणि भरला. बर्फाच्या वादळात हातमोजे काढून गाठी मारणारा माणूस, पण पेला भरताना छांग त्यांच्या बोटांवर सांडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पेला नुसता पुढे धरला.

मी घेतला आणि प्यायले. त्यांनी पुन्हा भरला, मी पुन्हा प्यायले. तिसऱ्यांदाही.

"छामजी, अगं काय करतेस!" फुटीच्या हातातला डाव खाली पडला.

गागांचा चेहरा खुलला. एवढ्या लवकर काम होईल असं त्यांना वाटलं नसावं. "शहाणी पोर. सांग रिंजी, खाली चल म्हण. उतरू अंधार पडायच्या आत."

"थांबा," मी तोंड पुसलं. "ज्याने ओतली तो मागेल. आबा, तुम्ही खाली चल म्हणालात तर मी याच पावली येते, दोरसुद्धा काढायला थांबत नाही. पण मागण्याआधी मला एक सांगा. शिंगाच्या पायथ्याशी खडकात तुम्ही ठोकलेला दोराचा खिळा आहे. सगळे त्यालाच खादे बांधतात. त्याच्या वर, हात पुरा ताणला तरी बोटंच टेकतील अशा उंचीवर, आणखी एक खिळा आहे. गंजलेला. तो कुणाचा?"

आबांनी बुधली खाली ठेवली.

"पाहिलास तू तो?"

"पाहिला. जो थांबणार असतो तो पुढच्या चढाईचा खिळा ठोकत नाही, आबा."

 स्टोव्ह फुरफुरत होता. आबा जोमोकडे पाहत होते, पण दुपारच्या ढगात तिचं डोकं दिसत नव्हतं.

"माझाच तो," ते म्हणाले. "मी चढायलाच निघालो होतो. साहेबाने छातीवर हात ठेवला. म्हणाला, वर एकाचीच जागा आहे. आधी मी जाऊन येतो, मग तू जा. तो गेला. खूप वेळ बसला. पाय गारठून गेले माझे. उतरला आणि म्हणाला, उशीर झाला, खाली चल. मी चाललो."

"आणि देवी?" गागांनी विचारलं.

"देवी काही बोललीच नाही. गावात आलो तेव्हा तूच विचारलंस, देवीला भिऊन थांबलास ना? मी हो म्हटलं. ते ऐकायला बरं वाटत होतं."

गागा पुढे झुकले. "अरे, गुंफेत पुढची गादी दिली तुला आम्ही!"

"परत घ्या. थंडच असते ती." मग आबा माझ्याकडे वळले, आणि आता त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "तू प्यायलीस. आता माझं मागणं ऐक. मी थांबलो तिथे थांबू नकोस."

"हे मागायला आलो होतो का आपण?" गागा उठूनच उभे राहिले, गुडघे विसरून. "छांग माझ्या घरच्या नाचणीची आहे!"

"ओतणारा मागतो, गागा," फुटी म्हणाली. "नियम तुमचाच."

गागांनी आमच्याशी बोलणं टाकलं. पण उतरायला उशीर झाला होता, म्हणून बटाट्याची धिरडी मात्र त्यांनी खाल्ली. चार खाल्ली आणि मीठ कमी आहे असं आबांना सांगितलं, आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात.

दुसऱ्या दिवशी आम्ही काळी भिंत चढून वरच्या तंबूत गेलो. खाली आबा वॉकी-टॉकी घेऊन बसले होते, आणि गुडघ्यांचं कारण सांगून गागाही तिथेच राहिले होते. त्याच्या पुढच्या पहाटे धारेवर आलो. धारेवर दोन्ही बाजूंना बर्फाच्या छत्र्या लटकलेल्या असतात. वरून भक्कम दिसतात, पाय ठेवला की आत पोकळ. फुटी पुढे होती. प्रत्येक पावलाआधी ती बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीने ठोकून पाहायची आणि शिव्या द्यायची.

"ह्या बर्फापेक्षा माझ्या सासूचं मन घट्ट आहे," ती ओरडली. तेवढ्यात तिच्या डावीकडची अख्खी छत्री आवाज न करता गेली, तळहाताएवढी होत खाली. त्यानंतर ती बराच वेळ सासूबद्दल काही बोलली नाही.

शिंगाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा ऊन आलं होतं. आबांचा खिळा खाद्यांच्या ढिगात दिसतही नव्हता. नवे पांढरे, जुने चिंध्या झालेले. त्यात माझाही होता. तिथे उभी राहिले आणि मला रडू आलं, ते रागानेच. इतकी वर्षं आमची माणसं, एकाहून एक खंदी, एका परक्याच्या हाताला नमस्कार करून परत जात होती.

बर्फात एक पायरी खोदून मी वरचा खिळा हाताने चाचपला. तो हलत होता. शेजारी बर्फात नवा स्क्रू फिरवून घातला आणि दोर त्यात अडकवला. पण आबांच्या खिळ्यातूनही ओवला. कुणीतरी कधीतरी ओवायला हवाच होता.

"जा," फुटी दोर धरून म्हणाली. "छांग प्यायलीयस तू."

शिंगाचा बर्फ निळा आणि टणक होता, कुऱ्हाड उसळून परत यायची. मध्यावर उजव्या पायाखालची थाळीएवढी कपची सुटली आणि मी एका हाताच्या कुऱ्हाडीवर लटकले. खांद्यातून कळ गेली. खाली काही नव्हतं, गावापर्यंत काहीच नव्हतं. तेव्हा मी खरंच घाबरले. गागा खरं सांगत असतील, देवी हाकलतेय, असं वाटलं. 

आणि मग मला संताप आला. चढाईआधी तळावरच्या पूजेत मी साम्पा, म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ, उधळून, कपाळ टेकून माफी मागितली होती. आणखी किती मागायची? तोंड बर्फाला लावूनच मी म्हणाले, "त्याला येऊ दिलंस. मी तुझ्या घरची आहे. ढकलायचं असेल तर ढकल, पण मी आपणहून उतरणार नाही."

तिने ढकललं नाही. मी दुसरी कुऱ्हाड मारली, ती बसली. पाय रोवला, तो टिकला. मग पुन्हा एक, पुन्हा एक. शेवटी कुऱ्हाड मारायला समोर काही उरलं नाही आणि मी पोटावर पुढे सरकले.

श्वास परत यायला वेळ लागला. मग स्क्रू घातला, दोर ओढला, आणि फुटी वर आली. तिने गुडघ्यांवर बसून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. दोघींच्याही लक्षात एकच गोष्ट आली होती. तिने गळ्यातला खादा काढून बर्फात खोचला. मी वॉकी-टॉकीचं बटण दाबलं.

"आबा."

"बोल."

"थांबले नाही."

खरखर आली. त्यामागे गागांचा आवाज होता, काय म्हणाली, काय म्हणाली ती. मग आबा बोलले. आवाज इतका हळू होता की मला टोपी वर करून कान लावावा लागला.

"छामजी, वर जागा किती आहे गं?"

मी पाहिलं. खालून ते शिंग सुईच्या टोकासारखं दिसतं. वर ते सपाट होतं, आमच्या घरातल्या चुलीपुढच्या जागेएवढं, मधे थोडं खोलगट. फुटी पाय पसरून बसली होती आणि तरी जागा उरली होती.

"चौघं बसून चहा पितील एवढी, आबा."

  

"चौघं?" आबांनी विचारलं.

"चौघं. ऐसपैस."

"बरं," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "बरं. मग बसा जरा. आज तुम्हाला कुणी खाली चल म्हणत नाहीये."

आम्ही बसलो.