होडी की हौद

चष्म्याच्या दुकानाचे मालक सकाळी दात घासत परसदारी आले आणि जागीच थबकले. अंगणात पांढऱ्या भुकटीनं भला मोठा लांबट चौकोन आखलेला होता. त्यांच्या पत्नी हातात टेप घेऊन लिंबाच्या झाडापाशी उभ्या होत्या.

"हे काय?"

"पोहण्याचा तलाव," पत्नी म्हणाल्या. "तुम्ही आत्ता खोल बाजूला उभे आहात."

मालक नकळत एक पाऊल मागे सरले आणि मग स्वतःवरच चिडले.

झालं होतं असं, की जमिनीचा एक तुकडा विकला गेला आणि घरात पहिल्यांदाच गरजेपेक्षा जास्त पैसा आला. मालकांच्या मनात होडी भरली. शहराबाहेरच्या तळ्यावर समोरच्या बंगल्यातले वकील दर रविवारी आपल्या होडीतून फिरत आणि सोमवारी दुकानात येऊन वाऱ्याबद्दल बोलत. पत्नींच्या मावसबहिणीकडे नुकताच तलाव झाला होता आणि पाण्यात सोडलेल्या आपल्या पायांचे फोटो तिनं यच्चयावत नातेवाइकांना पाठवले होते. मालक तलावाला 'हौद' म्हणू लागले, पत्नी होडीला 'डबडं'. जेवणाच्या टेबलावर मीठ मागायची चोरी झाली.

भांडण दुकानापर्यंत पोचलं. गिऱ्हाइकाचे डोळे तपासताना मालक भिंगं बदलत विचारत, "आता बरं, की मघाचं बरं?" आणि त्याच दमात, "होडी बरी, की हौद बरा?" एक गृहस्थ गोंधळून "मघाचं" म्हणाले. मालकांनी ते मत होडीच्या खात्यात टाकलं आणि घाईत त्यांना भलताच नंबर काढून दिला.

घरात मालकांची आई होती. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी त्रासलेली, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. रोज दुपारी कापडी पिशवी घेऊन ती वाचनालयात जाई आणि ओल्या केसांनी परत येई. "तिथला पंखा बिघडलाय, घाम येतो," असं तिनं एकदा सांगितलं होतं. त्यापुढे कुणी चौकशी केली नव्हती. होडी आणि हौदापुढे आईच्या केसांकडे बघायला वेळ कुणाला होता?

एका रात्री जेवताना आई म्हणाली, "पोहायचंच असेल तर पालिकेचा तलाव आहे की कोपऱ्यावर."

कित्येक दिवसांत प्रथमच नवरा-बायकोचं एकमत झालं.

"तिथे?" मालक म्हणाले.

"आई, तिथे कोण कोण उतरतं पाण्यात, माहितेय का तुम्हाला?" सूनबाई म्हणाल्या.

आईनं पुढचा घास घेतला आणि विषय सोडून दिला.

रविवारी तिघंही होडी बघायला तळ्यावर गेली. पत्नी नाक मुरडायला गेल्या होत्या, आई हवा खायला. होड्या विकणारा माणूस अदबीनं पुढे आला.

"साहेब, पोहता येतं ना?"

"त्याचा काय संबंध? मी होडी घ्यायला आलोय, मासा व्हायला नाही."

"मग हे जाकीट तरी घाला."

मालकांनी त्या फुगीर नारिंगी जाकिटाकडे बघितलं, आपल्या नव्या शर्टाकडे बघितलं आणि मान हलवली. फोटो काढायचा होता. तो वकिलांना दिसायचा होता. धक्क्याला बांधलेल्या होडीत ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"पाय दिसत नाहीत," पत्नी मोबाइल रोखून म्हणाल्या. "थोडे मागे सरका."

मालक सरकले. आणि दिसेनासेच झाले!

विक्रेता दोर आणायला धावला. पत्नी पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. हातातला मोबाइल नुसत्या पाण्याचे फोटो काढत राहिला. मालकांचं डोकं एकदा वर आलं, "बुडतोय" म्हणालं आणि परत खाली गेलं.

आईनं चष्मा काढून सुनेच्या हातात दिला, चपला सारख्या करून ठेवल्या आणि तळ्यात सूर मारला.

तिनं मुलाची कॉलर मागून पकडली. "हातपाय झाडू नकोस. उताणा हो. मी धरलंय."

"आई, मी बुडतोय गं!"

"नाही बुडत. तोंड मिट, पाणी जातंय."

विक्रेता दोर घेऊन आला तोवर मायलेक धक्क्याला लागले होते.

विक्रेत्याच्या खोलीत दोघंही चादरी गुंडाळून बसली. मालकांचे दात वाजत होते. पत्नी रडत होत्या आणि मधूनच सासूबाईंकडे पहिल्यांदाच भेटल्यासारखं बघत होत्या.

"कधी शिकलीस तू?" मालकांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांना पाण्यातला व्यायाम चांगला. वाचनालयात नाही जात मी. पालिकेच्या तलावावर जाते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? तिथे कोण कोण येतं असं तुम्ही दोघं विचारता. मी येते तिथे. बसमध्ये तिकिटं फाडण्यात जन्म गेलेली एक जण येते, भाजीवाली येते, एक शिंपीण येते. पाण्यात उतरलं की सगळ्यांचे गुडघे सारखेच दुखतात."

मालकांनी चादर घट्ट ओढून घेतली.

"आता तो तलाव बंद करायचं चाललंय," आई म्हणाली. "पंप सारखा बिघडतो, फरशा उखडल्यात. आम्ही तक्रार केली, तर पालिकेतला साहेब म्हणाला, येतंच कोण तिथे? म्हणजे आम्ही कुणी नाहीच. पूर्वी वकील यायचे, तुझ्या बायकोची मावसबहीण यायची. त्यांनी नुसता आवाज चढवला असता तरी पंप चालू झाला असता. पण त्यांनी आपापल्यापुरती सोय केली. उद्या तूही करशील. मग मी अंगणात एकटी डुंबत बसू आणि गप्पा कुणाशी मारू? लिंबाशी?"

मग सूनबाईंनी डोळे पुसले.

"आई, तिथे बायकांची वेळ कधी असते?"

होडी आली नाही आणि हौदही झाला नाही. मालक पालिकेत खेटे घालू लागले. साहेबांनी त्यांचा अर्ज हात लांब करून, डोळे बारीक करून वाचायचा प्रयत्न केला, तेव्हा मालकांना ओळख पटली. हेच ते 'मघाचं' म्हणणारे गृहस्थ! मालकांनी माफी मागितली, दुसऱ्या दिवशी नवी भिंगं आणून दिली. पण पंपाचा पिच्छा सोडला नाही. पत्नींनी शेजारपाजार पालथा घातला, मावसबहिणीलाही ओढून आणलं. महिनोन् महिने हेलपाटे झाले, तेव्हा कुठे पंप आला आणि तलाव वाचला.

मालक आता उथळ बाजूला दांडी धरून पाय मारायला शिकतात, शाळकरी पोरांच्या रांगेत. पत्नी त्यांच्या पुढे निघून गेल्यात आणि हे त्या त्यांना विसरू देत नाहीत.

वाचकहो, शाळा, बाग, दवाखाना, बस, या सगळ्यांची कहाणी थोडीफार अशीच आहे. चार पैसे हाती आले की आपण त्यातून हळूच अंग काढून घेतो आणि वर म्हणतो, तिथे काही राम राहिला नाही. सर्वांच्या वस्तू वाईट असतात म्हणून आपण त्या सोडत नाही. आपण सोडतो, म्हणून त्या वाईट होतात.