सोळा अंश

तिने सूक्ष्मदर्शकाचं भिंग पुसलं, क्षणभर डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. निळी दिसेल ती पेशी मेलेली. जिवंत पेशी निळा रंग आत शिरू देत नाही. मेलेलीला कसलं दार आणि कसली कडी! चाचणीसाठी वाढवलेल्या पापुद्र्याचा एक तुकडा दोन दिवस फ्रिजमध्ये होता, त्यात दहांतल्या सहा निळ्या होत्या. शेजारच्या काचेवर त्याच पापुद्र्याचा दुसरा तुकडा होता, तेवढेच दोन दिवस सोळा अंशांच्या कपाटात ठेवलेला. त्यात दहांत एक.

तिसऱ्यांदा मोजूनही आकडा हलला नाही. तिने हातमोजे ओरबाडून काढले आणि कचऱ्याच्या डब्याकडे भिरकावले. एक आत पडला, एक बाहेर.

"सर, जरा बघता का?"

प्रयोगशाळेचे प्रमुख दारातच थांबले. "कालच बघितलं ना."

"काल तुम्ही कागदावरचा आकडा बघितलात. इथून नाही बघितलंत."

"अहो, फ्रिजमध्ये चार अंशांवर ठेवायचा नियम मी नाही केला. मी आलो त्याच्या आधीपासूनचा आहे. गारव्यात वस्तू टिकते, हे शेंबडं पोरही सांगेल."

"केळं ठेवून बघा. दोन दिवसांत काळं ठिक्कर."

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही इथे केळी विकतोय म्हणा!"

एरवी ती हसली असती. पण आज सकाळी ऑपरेशनच्या खोलीतलं निर्जंतुक करायचं यंत्र बंद पडलं होतं आणि सर्जनबाईंनी आजची शस्त्रक्रिया परवावर ढकलली होती. डोळ्याच्या पेशींचा जो पापुद्रा तिने तीन आठवडे अंगाच्या उबेइतक्या उबेत वाढवला होता, आज पाठवायला तयार केला होता, तो आता दोन दिवस कुठेतरी सांभाळायचा होता. उबेतच राहू द्यावा, तर पेशी खातपीत राहतात आणि बंद डबीत उपाशी मरतात. फार गारठ्यात आखडून मरतात. मधल्या थंडाव्यात नुसत्या सुस्तावतात. लेकराला निजवायचं असतं, गोठवायचं नसतं. एवढी साधी गोष्ट, आणि ती सांगताना गेले दोन महिने तिचा घसा कोरडा पडला होता.

पापुद्रा एका गवंड्याचा होता. कळीच्या चुन्याचा शिंतोडा उडून त्याचा उजवा डोळा दुधासारखा पांढरा झाला होता. देवाने दुसरा डोळा शाबूत ठेवला, म्हणून त्याच्या कडेवरून तिळाएवढा तुकडा काढून पेशी वाढवता आल्या. तीन वर्षांपूर्वीही असंच केलं होतं. तेव्हा बसवलेला पापुद्रा पंधरा दिवसांत गळून गेला. आताच्या ह्या दुसऱ्या तुकड्यानंतर चांगल्या डोळ्याला पुन्हा हात लावायचा नाही, असं सर्जनबाईंनी लाल शाईने लिहून ठेवलं होतं.

"हा गेला तर पुढचा नाही, सर."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते सूक्ष्मदर्शकावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. त्यांचं एक बोट मेजावर हळूहळू टकटक करत मोजत होतं. मग ते थांबलं.

"आपण मोजतो कधी?" मान न उचलता त्यांनी विचारलं.

"डबी बंद करायच्या आधी."

"आणि फ्रिजमधून काढल्यावर?"

"तेव्हा कोण मोजतंय! तेव्हा डबी थेट ऑपरेशनला जाते. पुढे काही बिनसलं की आपण पेशंटला विचारतो, डोळ्यात पाणी गेलं का, डोळा चोळला का."

सर सरळ झाले. चष्मा नाकावर आणायला त्यांना जरा वेळच लागला.

"ठेवा सोळाला. पण कागदावर सही तुमची." दारापर्यंत जाऊन ते वळले. "आणि जुनं काही उकरत बसू नका. झालं ते झालं."

उकरायला काही लागलंच नाही. नोंदवही समोरच्या फळीवर होती. तीन वर्षांपूर्वीचं पान: जिवंत पेशी, शंभरात पंच्याण्णव. सर्जनबाई परगावी. साठवण, फ्रिजमध्ये तीन दिवस. ठेवणाऱ्याची सही तिची, नव्या नोकरीतली, गोल आणि नीटस. खाली महिनाभराने दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं: पापुद्रा टिकला नाही. कारण, रुग्णाचा निष्काळजीपणा.

तिने वही मिटली, उघडली आणि इतक्या जोरात मिटली की शेजारच्या काचा किणकिणल्या. मग पापुद्र्याची डबी सोळा अंशांच्या कपाटात ठेवली, कागदावर सही केली आणि ती बाहेर आली.

बाहेरच्या बाकावर गवंडी आणि त्याची बायको सकाळपासून बसले होते. ऑपरेशन का लांबलं, हे त्यांना कुणी धड सांगितलं नव्हतं.

"ताई, ह्या खेपेला मी यांचे हात पलंगाला बांधणार आहे," तिला बघताच बायको म्हणाली. "यांच्या हाताला स्वस्थता म्हणून नाही. झोपेतसुद्धा भिंती लिंपत असतात. मागच्या वेळी चोळून ठेवला की नाही डोळा!"

"चोळला गं बाई," गवंडी हसून म्हणाला. "किती वेळा कबूल करू?"

"मरेपर्यंत करा. एका डोळ्याच्या गवंड्याला परांचीवर कोण चढू देतंय? तीन वर्षं घरात बसून भांड्यांच्या जागा बदलताहेत."

"वहिनी, ऑपरेशन परवा होईल," ती म्हणाली. एवढं सांगून परत फिरता आलं असतं. पाय अर्धे वळलेही होते. "आणि एक राहिलं. मागच्या वेळचा पापुद्रा डोळ्यावर बसवायच्या आधीच मेलेला असणार, निम्म्याहून जास्त. तो फ्रिजमध्ये ठेवला होता. तेवढ्या गारठ्यात तो टिकत नाही, हे आम्हाला आत्ता कळतंय. दादांनी डोळा चोळला काय, न चोळला काय, तो जगणार नव्हता."

बायकोच्या कपाळावर आठी पडली. "कुणी ठेवला होता?"

"मी."

आता बोलणी बसतील म्हणून ती हात मागे घेऊन उभी राहिली. बसली असती तर तिला बरंच वाटलं असतं. पण बाईने तिच्याकडे पुन्हा पाहिलंच नाही. ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, तुम्ही चोळला होतात का डोळा?"

गवंड्याने गुडघ्यावरून नसलेली धूळ झटकली.

"मी काय विचारते?"

"आता कुणाला आठवतंय."

"मला आठवतंय. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, थेंब कोण घालतं, हात धुऊन घालता का. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात, मीच चोळला म्हणून."

"अगं, तुझा चेहरा बघितला असतास त्या वेळी!" तो हळू आवाजात म्हणाला. "थेंब तू घालत होतीस. माझ्या हातून ह्यांचा डोळा गेला, असं म्हणत जन्मभर जळत बसली असतीस. मला काय, मला बोलणी खायची सवय आहे."

बाई उठली, बाकाला वळसा घातला आणि त्याच्या दुसऱ्या अंगाला, पांढऱ्या डोळ्याच्या बाजूला जाऊन बसली.

"तिकडे कशाला गेलीस?" तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला. "त्या बाजूला तू मला दिसत नाहीस."

"म्हणूनच," ती म्हणाली.