काचेमागचं हसू

ऑर्व्हिल टॅन्सीला शांतता सोसत नव्हती. मूकपटांच्या दिवसांत सेटवर नुसता गलका असायचा. कॅमेऱ्यामागे एमिल हृश्का खदखदून हसायचा, ते हसू ओसरेपर्यंत ऑर्व्हिल थांबायचा आणि मग पुढची गंमत करायचा.

आता बोलपट आले. एका गाजलेल्या कादंबरीवरच्या विनोदी चित्रपटात बहिरेपणाचं सोंग घेणाऱ्या काकाची भूमिका त्याला मिळाली होती. पण आजचं दृश्य जमलं नाही तर न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचा नट बोलावतो, असं दिग्दर्शक किटरिजने त्याला सकाळीच बजावलं होतं. मायक्रोफोन टेबलावरच्या फुलदाणीत, म्हणजे जागचं हलायचं नाही. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून एमिलला कॅमेऱ्यासकट काच लावलेल्या बंद खोलीत कोंडलेलं. बाकीच्यांनी हूं की चूं करायचं नाही.

पहिले दोन टेक ऑर्व्हिलने घाईत घालवले. एक वाक्य बोलला, समोर सगळे मख्ख, की घाबरून लगेच दुसरं. तिसऱ्या टेकला त्याची नजर काचेकडे गेली. एमिलचं तोंड उघडं होतं, खांदे गदगदत होते. ऑर्व्हिलच्या जिवात जीव आला. तो थांबला. कानाशी ओरडणाऱ्या पुतण्याकडे त्याने गरीब चेहऱ्याने पाहिलं.

"आणखी जोरात सांग, बाळा. वाईट बातमी मला ऐकूच येत नाही."

पुन्हा थांबला. किटरिज मान डोलावत होता. एमिल मात्र हसायचा थांबेना. इतकं हसण्यासारखं होतं का हे? मग एमिलचा ओला पंजा काचेवर टेकला आणि तसाच खाली घसरत गेला.

दोनच वाक्यं उरली होती. ती त्याच्या ओठांवर आली, आणि तो फुलदाणी मागे टाकून काचेच्या खोलीकडे धावला. दार उघडताच भट्टीसारखी गरम हवा अंगावर आली. सेटवरच्या दोघांनी एमिलला ओढून बाहेर आणलं, तोंडावर पाणी मारलं.

"दोन वाक्यं, ऑर्व्हिल," किटरिज चरफडला. "तेवढी बोलून पळायचं होतंस."

ऑर्व्हिल एमिलपाशी उकिडवा बसला. "हसत नव्हतास तू?"

"आधी हसलो," एमिल धापा टाकत म्हणाला. "तिथेच दम संपला."

खोलीत दुसरा माणूस गेला, दगडी चेहऱ्याचा. टेक सुरू झाला. ऑर्व्हिल वाक्य बोलला आणि थांबला. कुठूनच हसू आलं नाही. पुढचं वाक्य घशात धडका मारत होतं, तरी तो अजून थोडा थांबला, आणि मगच बोलला. शेवटचं वाक्य संपल्यावर त्याने भीत भीत मान वळवली. हसू फुटू नये म्हणून किटरिजने स्वतःच्या कोटाची बाही दातांत घट्ट धरली होती.