इत्यादी बटणं

साल एकोणीसशे एकसष्ट. त्या वर्षी तांब्याचे भाव कोसळले, तांब्याच्या खाणींवर चालणाऱ्या सरकारी तिजोरीत येणारा ओघ आटला आणि अर्थखात्याच्या दुसऱ्या मजल्यावर पंखे गरगरत असूनही माणसांना घाम फुटला.

"लोकांना आपण सांगतो, अंथरूण पाहून पाय पसरा," मोठे साहेब म्हणायचे. "इथे सगळ्या खात्यांचे पाय आधी पसरलेले. आता हिंडा अंथरूण शोधत!"

धाकटी त्यांच्या हाताखाली मसुदे लिही. घरात दोघीच बहिणी, थोरली ती ताई आणि ही धाकटी. लहानपणी तिला आणखी एक नाव होतं. निबंध कसलाही असो, यादी करायची वेळ आली की दोन-तीन नावं लिहून ती पुढे 'इत्यादी' टाकून मोकळी व्हायची. ताई हाक मारायची, "इत्यादीबाई, ताटं मांडलीत. येताय ना?"

रस्तेवाले, दवाखानेवाले, शाळावाले, सगळ्यांच्या मागण्यांना कात्री लावून झाली, तरी तूट उरलीच. धान्यावर कर बसवावा तर लोक रस्त्यावर येणार. कापडावर बसवावा तर गिरणीवाले मंत्र्यांच्या दारात. मग राहिली चैन. अत्तरं, झुंबरं, कातडी पाकिटं आणि शौकिनांची बटणं.

"चैनीसाठी कोणी मोर्चा काढत नाही," साहेब म्हणाले.

वरून आलेल्या टिपणात होतं, 'शिंपल्याची, चांदीची व हस्तिदंती बटणे'. धाकटीने ते मोठ्याने वाचून पाहिलं. वाक्य कसं तोडल्यासारखं वाटलं. मंत्री भर सभागृहात वाचणार, कानाला गोड नको का? तिने 'व' खोडला आणि लिहिलं, 'शिंपल्याची, चांदीची, हस्तिदंती इत्यादी बटणे'. साहेब दमलेले होते. त्यांनी नजर फिरवली आणि सही ठोकली.

भाषणाच्या दिवशी कचेरीतल्या रेडिओवर मंत्र्यांच्या तोंडून आपला शब्द ऐकताना धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

महिन्याभराने ताई आणि भावोजी तिच्या खोलीवर जेवायला आले. भावोजींचा शिंगाच्या बटणांचा लहानसा कारखाना होता. शाळेच्या गणवेशाला, कामगारांच्या सदऱ्यांना त्यांचीच बटणं. धुतलेल्या कपड्यांतही त्यांच्या अंगाला जळक्या केसांसारखा वास यायचा.

"आम्ही शौकीन झालो बरं का, धाकटे," भावोजी हसत म्हणाले. "करवाले साहेब येऊन गेले. म्हणे, हस्तिदंत जनावराचा, शिंगही जनावराचं. म्हणजे इत्यादीत तुम्ही आलातच."

"शिंगाचं बटण आणि चैन?" धाकटीचा घास हातातच राहिला.

"शिंपी आता प्लास्टिकची घेतात. त्यावर हा कर नाही ना." त्यांनी पाणी प्यायलं. "तू तिथेच असतेस. बघ विचारून, हा शब्द कुठून आला ते."

ताई धाकटीकडे बघत राहिली.

"विचारते," धाकटी म्हणाली आणि ताटाकडे बघत जेवली.

कर भाषणाच्या दिवसापासून लागू झाला असला, तरी कायदा अजून मंजूर व्हायचा होता. दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली आणि 'इत्यादी'त शिंगाची बटणंही धरली जाताहेत, असं तिने सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मसुद्यातली चूक असेल तर एका ओळीचं काम आहे, आजच दुरुस्ती पाठवतो. पण धोरण असेल तर आपण हात लावायचा नाही. काय आहे? चूक की धोरण?"

त्यांच्या कोपराशी तिचा कायम नेमणुकीचा कागद सहीसाठी पडला होता. तिला तो उलटा दिसत होता, तरी आपलं नाव तिने वाचलं.

"धोरणच असावं, साहेब."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि त्यांनी विधेयकाचा मसुदा आणि तिची नेमणूक, दोन्ही कागदांवर सह्या केल्या.

भावोजींचं दिवाळं वाजायला वर्षही लागलं नाही. लेथ भंगारात गेले, कारागीर पांगले. तिसऱ्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तो कर मुकाट्याने रद्द झाला, कारण वसुलीलाच त्याहून जास्त खर्च येत होता. रद्द करायचा मसुदाही धाकटीनेच लिहिला. त्यात तिने करपात्र बटणांचा एकेक प्रकार नावानिशी घातला. तोवर शिंगाची बटणं करणारं गावात कोणी उरलं नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी भावोजी वारले, त्यानंतरची गोष्ट. ताई त्यांचे सदरे कुणाला तरी देण्यासाठी नीट करत होती, सुटलेली बटणं लावत होती. धाकटी सुईत दोरा ओवून देत होती. इतकी वर्षं न बोललेलं तिने शेवटी काढलं.

"ताई, तो शब्द..."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"रेडिओवर ऐकला तेव्हापासून. हे म्हणाले, हे इत्यादी काय असतं गं? मी म्हटलं, आमची धाकटी." ताईने दोरा दाताने तोडला. "जेवायला कशाला आलो होतो, वाटलं तुला? तू आपणहून सांगशील म्हणून. परत जाताना वाटेत हे म्हणाले, नोकरी नवी आहे पोरीची, ओढून काढू नकोस तोंडातून."

धाकटीने दुसरी सुई हातात घेतली. दोरा काही केल्या भोकातून जाईना.

"चूक होते गं," ताई म्हणाली. "मी वाट बघत होते, तू ती सांगण्याची. दे इकडे ती सुई."

मोठे साहेब निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. आपल्या कारकिर्दीत एकही दुरुस्ती पाठवावी लागली नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. भावोजींनी पुढची सगळी वर्षं प्लास्टिक बटणांच्या कारखान्यात मुकादमी केली आणि स्वतःच्या सदऱ्याला अखेरपर्यंत शिंगाचीच बटणं लावली. धाकटी उपसचिव होऊन निवृत्त झाली. हाताखालच्यांच्या मसुद्यात 'इत्यादी' दिसलं की ती लाल शाईने खोडायची आणि विचारायची, "म्हणजे कोण कोण?" सगळे तिला खडूस म्हणत.

ताई अजून आहे. धाकटी दर रविवारी तिच्याकडे जाते. ताई दार उघडते, वाढते, विचारपूस करते. इत्यादीबाई म्हणून मात्र हाक मारत नाही.