माझ्यात नसलेला केरू

मित्रांनो, पुस्तकं गप्प असतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्या माणसाने मला कधी हातात घेतलेलं नाही. माझ्या पोटात घोडे धावतात, जहाज बुडतं, विहिरीतून एक बाई वर येते आणि मुखवटा घातलेला एक रंगीत वीर गच्चीवरून उडी टाकतो. हे सगळे एकमेकांना खेटून राहतात, त्यामुळे मला कधी चैन पडत नाही. मी एक जुना बांधीव ठोकळा आहे. खरं म्हणजे मी एक पुस्तक नव्हेच, मी चार पुस्तकं आहे.

सांगलीत बस स्टँडच्या मागे तात्याबांचं छोटं वाचनालय होतं. तिथं पुस्तकं भाड्याने मिळायची. एक ऐतिहासिक कादंबरी, एक साहसकथा, एक भयकथा आणि एक चित्रकथा अशी चार पुस्तकं हाताळून हाताळून फाटली, त्यांची कव्हरं गेली. ती चारही पुस्तकं तात्याबांनी उचलली आणि नाथाजी बाइंडरकडे नेली. नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यातली ही गोष्ट.

नाथाजी म्हणाला, "आवं तात्याबा, ह्यांचा आकार बी एक न्हाई. भुताच्या शेजारी सरदार कसा बसंल?"

"बसंल की. घाला चौघांना एका दोऱ्यात," तात्याबा म्हणाले.

दाभणाने भोकं पडली, मेण लावलेला दोरा आरपार गेला, पाठीला खळ लागली आणि वर लाल रेक्झिन चढलं. सगळ्यांना एका मापात आणताना काही ओळींची शेवटची अक्षरं कापली गेली. चित्रकथेतल्या वीराचा तर पानोपानी डावा पाय गेला. पण मी जन्माला आलो.

सांगलीत मी पुष्कळ घरं पाहिली. माझी तक्रार एवढीच, की मला पूर्ण कुणी वाचत नसे. पेन्शनीतले आजोबा सरदाराची स्वारी संपली की मला मिटायचे. नवीन लग्न झालेली उमा भयकथा वाचायची, तीही दुपारी, दार सताड उघडं ठेवून आणि शेजारणीला ओट्यावर बसवून. पोरं उलट्या बाजूने शिरायची आणि चित्रं संपली की मला फेकायची. कुणाकडे आठवडाभर पडून राहिलो, की माझ्या आतली घोडी खिंकाळायला लागत. मला दुसऱ्या दारी जावंसं वाटे. दुसऱ्या दारी गेलो, की तिसऱ्या.

मग मला अक्षताने नेलं.

अक्षता तासगावची. रोज एसटीने सांगलीच्या कॉलेजात यायची. बारावीची परीक्षा संपली आणि सुट्टीत ती आईबरोबर बेदाण्याच्या शेडवर कामाला जाऊ लागली. तिची आई सुलाबाई तिथं बेदाणा निवडायची. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अक्षताने मला पिशवीतून काढलं आणि एका बाजूला बसून वाचू लागली.

"मनातल्या मनात काय वाचतीस गं? आमाला बी ऐकू दे," हरणाबाई म्हणाली.

हरणाबाई त्या बायकांत सगळ्यात वयस्क. तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. अक्षता मोठ्याने वाचू लागली आणि सुट्टी संपली तरी बायका तिला थांबू देईनात. शेवटी हरणाबाईने तिच्या वाटणीचा ढीग आपल्याकडे ओढला. "तुझं आमी निवडतो. तू फुडं चल."

मित्रांनो, अशी मैफल माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. वर पत्रा तापलेला, जाळ्यांवर द्राक्षं सुकत पडलेली, गंधकाचा वास नाकात, आणि खाली गोल करून बसलेल्या बायका. त्यांचे हात काड्या वेचत आणि कान माझ्याकडे. चित्रकथेतली चित्रं त्यांना दिसत नसत, म्हणून अक्षता ती सांगायची.

"त्यानं मुखवटा घातलाय. पाठीवर निळं कापड. आणि चड्डी विजारीच्या वरनं घातलीय."

"वरनं?" येसूबाई ओरडली. "घाईत निघाला आसंल बिचारा!"

हसण्याने शेड कोसळायची तेवढी राहिली. येसूबाई ही तोंडाने फटकळ. लावणीपासून कापणीपर्यंत सगळ्या कामात पुढे, आणि भुताच्या गोष्टीत मात्र पदराचं टोक दातात धरून मागे.

मुकादम कृष्णात पहिल्यांदा रागावला होता. पण तो हुशार. त्याने दोनच दिवसांत ओळखलं, की विहिरीतली बाई वर आली की हात थांबतात, आणि घोडे दौडू लागले की हात दौडतात. तो लांबूनच हाक द्यायचा, "ए पोरी, लय माल पडलाय. घोडी काढ, भूत नगं!"

म्हणून अक्षताने ऐतिहासिक कादंबरी सुरू केली. गडाला वेढा पडला होता. सरदाराला मदतीचा निरोप घेऊन बाहेर पडायचं होतं. माझ्यात असं छापलं आहे: 'पहारेकऱ्याने दिंडी उघडली. सरदार वाऱ्यासारखे निघून गेले.' अक्षता ते वाचून पुढे गेली. सरदार नदीवर पोहोचला.

"थांब," हरणाबाई म्हणाली. "दार उघाडलं त्याचं काय झालं?"

"कुणाचं?"

"पहाऱ्यावरच्या गड्याचं. सरदार गेला घोड्यावरनं. दार उघाडलेलं दुश्मनानं बघितलं आसंल न्हवं? त्यो माणूस तर तितंच राहिला."

अक्षताने मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. "पुस्तकात न्हाई, आज्जी."

"नाव बी न्हाई?"

"न्हाई."

त्या दिवशी बुद्धविहारामागच्या आपल्या वस्तीकडे परतताना अक्षता वाटेत थबकली. मग एकदम म्हणाली, "आई, आपल्या आज्याचा आजा गडाच्या पहाऱ्यावर होता ना गं?"

"केरू. तुझा आजा लय सांगायचा त्याचं," सुलाबाई म्हणाली. "का गं?"

अक्षताने पिशवीत हात घालून मला चाचपलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला उघडलं. तिचे डोळे माझ्या पानावर होते, बोट ओळीखालून सरकत होतं, पण तोंडातून येणारे शब्द माझे नव्हते! 'दिंडीवर केरू उभा होता,' ती वाचत होती. 'केरूने सरदाराला बाहेर काढलं आणि पाठीने दार रेटून बंद केलं.' मी आतल्या आत फडफडलो. मला छापखान्यातल्या कंपोझिटरने एकेका अक्षराचा खिळा लावून घडवलं होतं. माझ्यात केरू नव्हता. पण आवाज तिच्याकडे होता, मी काय करणार?

केरू वाढत गेला. दुश्मनाने तटाला लावलेली शिडी त्याने वर ओढून घेतली. त्याची बायको गडावरच होती, पोटुशी. केरूने तिला चोरवाटेच्या तोंडाशी नेलं, कमरेला दोर बांधला आणि अंधारात कड्यावरून खाली सोडू लागला. मागून दुश्मनाच्या मशाली जवळ येत होत्या. तिथं अक्षताने मला मिटलं.

"आगं, आत्ताच का!" येसूबाई कळवळली.

"उद्या मला साताऱ्याला जायचंय मामाकडं. डी.एड.चा फॉर्म आणायचाय. परवा वाचते."

मला तिने आईच्या पिशवीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी बायकांना धीर निघेना. दोर अर्ध्यावर लोंबत होता. येसूबाईने मला पिशवीतून काढलं आणि कृष्णातच्या हातात दिलं. सुलाबाई "नगं, राहू द्या" म्हणाली, पण ते कुणी ऐकलं नाही.

कृष्णात क्रेटवर बसला. त्याने चष्मा लावला. "'पहारेकऱ्याने दिंडी उघडली. सरदार वाऱ्यासारखे निघून गेले. नदीला पाणी होते...'"

"मागलं कशाला वाचताय? केरूचं वाचा."

"कोन केरू?"

"आवं, बायकूला दोरानं सोडतोय त्यो!"

कृष्णातने पान उलटलं. पुन्हा उलटलं. "हितं सरदार जेवाय बसलाय." आणखी उलटलं. "हितं तर जहाज लागलं."

"केरू जहाजात कशाला जातोय? मुकादम, तुमाला वाचाया येतंय का न्हाई?"

"आईशप्पत येतंय! ह्या पुस्तकात केरू न्हाईच. कुठंच न्हाई."

हसणं हळूहळू विरलं. हरणाबाईने सुलाबाईकडे पाहिलं. सुलाबाई मान खाली घालून काड्या वेचत होती. तिचा वेग एवढा वाढला होता, की चांगले बेदाणेही काड्यांत जात होते.

मित्रांनो, मी खरा ठरलो होतो. माझा प्रत्येक छापील शब्द खरा ठरला होता. आणि त्या दिवशी शेडमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. मला पोत्यावर ठेवून दिलं, आणि एका माशीखेरीज माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मला त्या पोत्यावर पडवेना. दोर अर्ध्यावर आहे, हे मलाही आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी अक्षता आली. बायका आधीच बसल्या होत्या. तिची जागा मोकळी होती, पण "ये" असं कुणी म्हणालं नाही.

"पोरी, आमाला फशिवलंस?" हरणाबाईने विचारलं.

अक्षताचा चेहरा उतरला. पण ती मागे सरली नाही. "व्हय आज्जी. पुस्तकात त्याला एकच ओळ हाय. तुमी नाव इचारलं. मला त्या ओळीवरनं फुडं जाता येईना."

"म्हनून आपलाच मानूस घातलास व्हय त्यात?" येसूबाई म्हणाली. फटकळपणा नेहमीचा होता, पण या वेळी त्यात दुसरंच काही होतं. सुलाबाईचा हात थांबला. गडाच्या दारावर कुठल्या वस्तीतले लोक असत हे सगळ्यांना ठाऊक होतं. काय म्हटलं ते कळलं, आणि सगळ्या खाली बघू लागल्या.

"व्हय, माझाच," अक्षता म्हणाली. "आमच्या आज्याच्या आज्याचं नाव केरू. त्यो पहाऱ्यावर होता एवढंच आमच्या घरात ठावं हाय. बाकी मी रचलं. तुमचं कोन होतं गडावर ते सांगा मावशी, त्यालाबी घालते."

येसूबाई पुन्हा काड्या वेचू लागली. कृष्णात खाकरला. "बास आता. ऱ्हावू द्या ते वाचन. कामाला लागा."

अक्षताने मला पोत्यावरून उचललं, पिशवीत घातलं आणि पिशवीचं तोंड बांधलं. ती आपला ढीग पुढे ओढून निवडायला बसली. बराच वेळ नुसत्या काड्या पडत राहिल्याचा आवाज येत होता. पिशवीच्या अंधारात मी तो ऐकत होतो, आणि मला वाटत होतं, कुणीतरी काहीतरी म्हणावं. काहीही.

"ती पोचली का गं खाली?" हरणाबाईचा आवाज.

अक्षताच्या बाजूने आणखी दोन काड्या पडल्या.

"पोटुशी बाई हाय. आर्ध्यात लोंबतीय. पुस्तकात आसू दे न्हाईतर नसू दे. तेवढं सांग."

आणि अक्षता बोलू लागली. मी बांधलेल्या पिशवीत होतो आणि ती बोलत होती. दोर आखूड पडला. केरूने डोक्याचं मुंडासं सोडून दोराला बांधलं. बाईचे पाय जमिनीला लागले, तेव्हा खाली कुणीतरी होतं. कोण होतं, तिथं अक्षता अडली. तिला सुचेना.

"आमचा मानूस आसंल," येसूबाई हळूच म्हणाली. पिशवीच्या उसवलेल्या शिवणीतून मला दिसलं, ती मान वर करत नव्हती. "आमचं बैल होतं म्हनं. गडाला दगुड वाहायचं. खालच्या अंगाला वस्ती आसायची."

"नाव काय त्यांचं, मावशी?"

येसूबाईने आठवून पाहिलं. तिचे हात काड्यांतच राहिले. "नाव कुनी सांगितलंच न्हाई गं," ती म्हणाली आणि तिला रडू आलं.

सुलाबाईने आपल्या तांब्यातलं पाणी तिच्यापुढे सरकवलं. येसूबाईने तांब्या उचलला आणि सगळ्यांदेखत, तोंड लावून, ती पाणी प्याली. हरणाबाई म्हणाली, "बैलवाल्यानं गाडीत गवात टाकलं आन तिला झाकलं. चल पोरी फुडं." त्या दिवशी मुकादमाने घोडी मागितली नाहीत, भूत मागितलं नाही. तोही क्रेट घेऊन जवळ येऊन बसला.

मग रोज तसंच झालं. अक्षता मला मांडीवर उघडून ठेवायची, थोडं माझं वाचायची आणि थोडं सगळ्यांचं मिळून. कुणी तटावर आपली पणजी उभी केली, कुणी तोफेला आपला चुलता लावला. बायका माझ्यावर वाकून "आता कुठं आलं?" म्हणत बोटं ठेवायच्या. त्या बोटांना बेदाण्याचा चिकटा असायचा. मला ते नकोसं वाटलं नाही. फक्त हंगाम संपू नये असं वाटायचं, आणि तो संपला आणि मी वाचनालयात परत आलो.

पुढे घराघरांत केबल आली. तात्याबांच्या वाचनालयात येणारी पावलं थांबली. एक दिवस त्यांनी आम्हा सगळ्यांना वाचनालयाबाहेर फूटपाथवर मांडलं. ऊन, धूळ, आणि वरून जाणाऱ्या लोकांच्या चपला. मी रद्दीच्या तागडीत जाणार, हे मला दिसत होतं. तेवढ्यात एक बाई एसटीतून उतरून चालली होती, ती थबकली. वाचता न येणारी सुलाबाई! तिने माझी लाल पाठ ओळखली. मला उचललं, पदराने पुसलं आणि म्हणाली, "हे आमचं हाय." त्याच आठवड्यात ती मला साताऱ्याला घेऊन गेली. अक्षता आता तिथं एका शाळेत शिक्षिका होती.

तिच्या वर्गाच्या कपाटात मी राहतो. मित्रांनो, तुमच्यासारखीच मुलं मला काढतात. अनीश भूत वाचून खिडकी लावायला लावतो. अबोलीने वीराचे कापलेले पाय पेन्सिलने काढून दिले आहेत. मला अजून जास्त वेळ कपाटात बसवत नाही. दार वाजलं की कोण आलं हे बघावंसं वाटतं.

पण एक सांगायचं आहे. माझ्या मधल्या काही पानांना बेदाण्याचा चिकटा लागून ती एकमेकांना चिकटली आहेत. घाईत कुणी ओढलं तर फाटतील. तिथवर आलात की थांबा. मऊ हाताने, कडेकडेने सोडवा. लागला तर थोडा वेळ लावा. आणि एकटेच वाचू नका. जवळ ज्याला वाचता येत नसेल त्याला बसवून, मोठ्याने वाचा. त्याने मध्येच काही विचारलं, आणि त्याचं उत्तर माझ्यात सापडलं नाही, तर मला खुशाल मिटून बाजूला ठेवा. मला राग येणार नाही.

फक्त फार लांब ठेवू नका. मलाही ऐकायचं असतं.