पन्नासाव्या दिवसाचे बसकर

मित्रांनो, मी एक जुने लोकरी बसकर आहे, पण माझ्यावर आजवर कुणी बसले नाही. माझ्यावर गुडघे टेकतात. बल्गेरियातल्या एका डोंगराळ गावात वेलिका आजी नवी नवरी होती, तेव्हा तिच्या सासूने मला काळ्या मेंढीच्या लोकरीतून विणले. त्यानंतर सेहेचाळीस वर्षे मी आजीच्या काखेतून चर्चला जात आले.

एक गोष्ट मात्र मला कधीच नीट उमगली नाही. ईस्टर झाला की चर्चमध्ये कुणी गुडघेच टेकत नाही. आनंदाचे दिवस असतात म्हणे. मी आपले घडी होऊन कपाटावर पडून राहते. आपले काही चुकले का, असे सुरुवातीला वाटायचे. मग पन्नासाव्या दिवशी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, जमिनीवर अक्रोडाची पाने पसरतात आणि सगळे गाव एकदम गुडघ्यांवर येते. फादर खारितोन सांगतात, या दिवशी पवित्र आत्मा येशूच्या शिष्यांवर उतरला आणि भिऊन दार लावून बसलेली ती माणसे बाहेर येऊन बोलू लागली. बायका सांगतात, ईस्टरला मोकळे सुटलेले मेलेल्यांचे आत्मे या दिवशी परत जातात. म्हणजे आत्मा येतो की जातो? मी पडले लोकरीचे, माझ्या डोक्यात किती शिरणार!

यंदा तर माझा पुरता गोंधळ उडाला. हिवाळ्यात आजीचा नवरा, रादोय, गेला. त्याने परसातले चेरीचे झाड विचारल्याशिवाय तोडले म्हणून आजीने अबोला धरला होता. तिसऱ्या दिवशी तो झोपेतच गेला. अबोला तसाच राहिला.

शनिवारी आजी आणि तिची शेजारीण गेंका अक्रोडाची पाने गोळा करत होत्या. आजीने मला दोरीवर ऊन द्यायला टाकले होते, म्हणून मी सगळे ऐकले.

"उद्या प्रार्थना चालू असताना मी मान वर करून बघणार," आजी म्हणाली.

"वेड लागलंय का गं? नजरानजर झाली की त्याचा पाय निघायचा नाही. अडकून पडेल बिचारा. सगळ्यांसारखं पानांत तोंड खुपस आणि गप राहा."

"रागावून गेला की कसा, एवढंच बघायचंय, गेंके."

"सेहेचाळीस वर्षं तोंड बघितलंस, तेव्हा नाही कळलं?"

दोघी हसल्या. गेंका गेल्यावर आजी रडली.

रविवारी चर्चच्या दारात तिने फादरांना गाठले आणि रादोय आज नक्की जाणार का, असे विचारले.

"वेलिका आजी, आज कुणी जात-बित नाही," ते म्हणाले. "आज पवित्र आत्मा येतो."

"दिसतो?"

"नाही."

"मग आल्याचं कळतं कसं?"

"माणूस थोडा बदलतो," फादर घुटमळत म्हणाले आणि घाईने आत गेले.

लांबलचक प्रार्थना तीन असतात. आजीने माझ्यावर गुडघे टेकले आणि वाकून माझ्याच कडेवर कपाळ ठेवले. सगळ्यांचे डोळे मिटलेले, हिचे टक्क उघडे. बघ म्हणावे की नको म्हणावे, मला ठरवता येईना. रादोय अडकला तर? आणि हिने बघण्याआधीच तो गेला, तर हिचे कसे व्हायचे? दोन प्रार्थना अशाच गेल्या. तिसरी सुरू झाली आणि आजीने मान वर केली.

समोर वाकलेल्या पाठी होत्या. गेंकाच्या मोज्याला टाचेवर भोक होते. रादोय कुठेच नव्हता. पण फादर लोकांकडे तोंड करून गुडघ्यांवर होते आणि त्यांचे लक्ष पुस्तकात नव्हते. ते नजरेने एकेक कोपरा धुंडाळत होते. त्यांची बायको एव्हदोकिया (आमच्याकडे फादर लग्न करतात) ईस्टरच्या आधीच्या उपवासात वारली होती. गावात सांत्वन करायचे काम त्यांचेच, त्यामुळे त्यांचे सांत्वन करायचे कुणाला सुचले नव्हते. दोघांची नजरानजर झाली. प्रार्थना थांबली. कुणीतरी खोकले. मग फादरांना पुढची ओळ सापडली.

चर्च रिकामे झाले तरी आजी माझ्यावरच होती. फादरांनी येऊन तिला हात दिला.

"दिसला का रादोय?"

"नाही. तुम्ही दिसलात. आणि तुम्हाला?"

"मलाही तुम्हीच." ते खाली बघत म्हणाले, "तुम्हाला काय काय सांगितलं मी, आणि स्वतः मात्र..."

"राहू द्या ते. काल जेवला होतात?"

"आठवत नाही."

"चला मग घरी. कोकराचा रस्सा आहे. आणि मला कुणाला तरी सांगायचंय, तीन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही ते. एव्हदोकियाचं तुम्ही सांगा."

दोघे हळूहळू गेले. पवित्र आत्मा आला का, रादोय गेला का, मला अजूनही काही कळलेले नाही. एवढेच कळले, की आजी मला पहिल्यांदाच विसरून गेली, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही.

तर मित्रांनो, मी इथेच पानांत पडलेले आहे. कुणी न्यायला आलात तर मला झटका, ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. पण घाई करू नका. आधी त्या दोघांचे बोलणे होऊ द्या.