ताऱ्यावरून आलेल्याची भाकरी

"पावणं, अजून एक ट्रंक हाय. पण उंदीर निघाला तर मला बोल लावायचा न्हाई!" माळ्यावरून बाळासाहेब गुरुजी ओरडले.

"निघू द्या की. उंदराला वाचता येत आसंल तर त्यालाच इचारू," खाली शिडी धरून उभा असलेला सोपान म्हणाला.

महाळुंगे पडवळच्या या निवृत्त मास्तरांकडे जुन्या दिवाळी अंकांचे ढीग आहेत, हे त्याला परवाच मंचरच्या स्टँडवर कळलं होतं. आज पहिल्या गाडीनं तो येऊन धडकला आणि गुरुजींना सगळी हकिकत सांगितली. त्रेसष्ट वर्षांचा माणूस. एसटीची ड्रायव्हरकी केली तीस वर्षं, आणि जिथं मुक्काम पडेल तिथल्या वाचनालयात जाऊन एकच प्रश्न विचारला. ताऱ्यावर गेलेला माणूस परत येतो आणि त्याची म्हातारी आई रोज त्याच्यासाठी दुरडीत एक भाकरी झाकून ठेवत असते, ही गोष्ट कुठल्या अंकात आली होती? कुणालाच ठाऊक नव्हती. डेपोत त्याचं नावच 'भाकरी' पडलं. पण गडी हटला नाही.

आता तर घाईच होती. ही गोष्ट त्याला वाचून दाखवणारी थोरली बहीण, भागूअक्का, बोरीला अंथरुणाला खिळली होती. हृदय थकलंय, आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टर सांगून चुकले होते. तिनं डोळे मिटायच्या आत तिच्या उशाशी बसून तीच गोष्ट तिला वाचून दाखवायची, एवढा एकच ध्यास सोपाननं घेतला होता. अक्का मात्र दर वेळी वैतागायची. "सोड की रे त्यो नाद! काय सोनं लागलंय त्या गोष्टीला?"

सोनंच लागलं होतं. सोपान सहा वर्षांचा असताना आई गेली, आणि महिन्याच्या आत त्याला गोवर निघाला. गोवरात उजेड बघितला तर डोळे जातात म्हणायचे, म्हणून त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत निजवलं होतं, उंबऱ्यावर लिंबाचा डहाळा. तेरा वर्षांची, चौथी शिकलेली भागू त्या उंबऱ्यावर बसायची, अंक बाहेरच्या उजेडात धरायची आणि मोठ्यानं वाचायची. शेवटी तो माणूस ताऱ्यावरून घरी येतो, अन् आई म्हणते, "आलास? हातपाय धू. दुरडीत भाकर हाय." आई गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा पोर न रडता झोपलं. पुढं अंक मागितला तर भागू म्हणाली, चुलीत गेला.

"ह्यो बघा बरं," गुरुजींनी एक अंक खाली दिला. धूळ झटकून सोपान पानं उलटू लागला आणि एकदम थांबला. डोक्यावर काचेची घागर पालथी घातलेला माणूस! चित्रं दाखवायला अक्कानं अंक दारातून आत वळवला होता, तेव्हा हाच दिसला होता.

"ह्योच! आयला, गुरुजी, ह्योच की वो!"

तिथंच ओट्यावर बसून त्यानं वाचायला सुरुवात केली. सगळं तसंच होतं. ते यान, तो मुका तारा, मागं राहिलेला कुत्रा. वाचता वाचता त्याचे ओठ हलत होते. मग शेवटचं पान आलं. माणूस घरी येतो, दार एक अनोळखी बाई उघडते. 'तुमची आई? ती तर तुम्ही गेलात त्याच वर्षी वारली.' संपली गोष्ट.

सोपाननं पान उलटलं. पुढं केशतेलाची जाहिरात होती.

"भाकरी कुठं हाय वो?"

गुरुजींनी चष्मा लावून पान बघितलं. "अवो भाऊ, ह्यो माणूस बर्लिनचा. त्याची आई दुरडीत भाकर कशाला झाकंल?"

दुरडी कधी मोकळी ठेवू नये, अवेळी कुणी दारात येतं, असं म्हणून रोज एक भाकरी झाकून ठेवणारी बाई एकच होती. त्यांची आई. एवढी साधी गोष्ट सत्तावन्न वर्षं डोक्यात शिरली नव्हती. उंबऱ्यावर बसलेल्या पोरीनं ते शेवटचं वाक्य वाचलं असेल, गिळलं असेल, आणि आपली मेलेली आई उठवून त्या गोष्टीत नेऊन बसवली असेल. तिचीही आईच गेली होती. तिला कुणी गोष्ट वाचून दाखवली? सोपान परक्या ओट्यावर, परक्या माणसासमोर हमसून हमसून रडला.

"अंक घेऊन जा," गुरुजी हळूच म्हणाले. "तुमच्या अक्कांना वाचून दाखवा."

"नगं," सोपाननं डोळे पुसले. "हितंच ऱ्हाऊ द्या."

खोडदच्या, ताऱ्यांचा कानोसा घेणाऱ्या दुर्बिणीच्या तबकड्या मागं पडल्या तेव्हा ऊन कललं होतं. बोरीला घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच अक्काची नजर त्याच्या पिशवीवर गेली.

"घावली?"

"कुठली घावतीया! समदी ट्रंक उंदरानं खाल्ली."

अक्कानं एवढा मोठा श्वास सोडला की अंगावरची गोधडी हलली. "तरी म्या म्हणत व्हते. उगा वणवण." मग म्हणाली, "तुला तर पाठ हाय की. सांग."

सोपान उशाशी बसला. यान सांगितलं, तारा सांगितला, कुत्रा सांगितला. माणूस दारापर्यंत आणला, अन् सोपान तिथंच अडला.

"आलास?" डोळे मिटूनच अक्का म्हणाली. "हातपाय धू. दुरडीत भाकर हाय."

तो स्वयंपाकघरात गेला. दुरडीत, धुतलेल्या फडक्याखाली, एक भाकरी होती.

"सकाळपास्नं तीनदा इचारलं आत्यांनी," चुलीपुढं बसलेली अक्काची सून मंगल म्हणाली. "सोपानची भाकर ठिवली का म्हणून."

सोपाननं मोरीत हातपाय धुतले, आणि भाकरी घेऊन तो अक्काच्या उशाशी जेवायला बसला.